जित्या दगडाला टाकी

गावाहून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत उभ्याउभ्या डबा खात होतो.

"निनाद, तुझ्या आईचं नाव भरत चाललंय बघ," ते म्हणाले.

"भरत चाललंय म्हणजे?"

"म्हणजे भरत चाललंय. खड्डा भरतो तसं. मागच्या दिवाळीत अक्षरात बोट बसत होतं, आता नख अडकतं तेवढंच. 'मती' तर जवळजवळ गेलंच."

मी त्यांना समजावलं की दगडावर धूळ बसली असेल, नाहीतर शेवाळ धरलं असेल, मी कुणाला तरी सांगून धुऊन घेतो.

"धुतलं मी. ब्रशनं घासून धुतलं. चाळीस वर्षं बोटांनी शिवण तपासलीय रे बाबा. काचबिंदूनं डोळे नेले, बोटं नाही नेली."

मग त्यांनी नेहमीप्रमाणं जेवलास का विचारलं, मी जेवलो म्हणून सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर डबा तसाच झाकून टाकला. कारण तो दगड मी बनवलेला होता, आणि त्यावरची अक्षरं पाचशे वर्षं टिकतील असं मीच गावाला सांगितलं होतं.

आमचं गाव निंबवळे, तांबणी नदीच्या काठावर. पलीकडच्या काठावर पेठ आहे, तिथं गुरुवारचा बाजार भरतो. मधे साकव होता, माणसं आणि दुचाक्या जातील एवढाच अरुंद पूल. २०२९ साली गौरी यायच्या आधीच्या गुरुवारी, नदी भरून वाहत असताना तो साकव मधोमध मोडला आणि तेवीस माणसं गेली. माझी आई, इंदुमती शंकर माळवदे, त्यांतली एक. बावीस जणांची ओळख पटली. तेविसावी एक पन्नाशीची बाई होती, हातात हिरव्या बांगड्या असलेली. ती कुठल्या गावची ते शेवटपर्यंत कळलं नाही आणि तिला न्यायला कुणी आलंही नाही.

चौकशीत निघालं ते असं : साकवाच्या काँक्रीटला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यांतून पाणी आत गेलं, आतल्या सळ्या गंजल्या, गंजून फुगल्या, आणि फुगलेल्या सळ्यांनी काँक्रीट आणखी फोडलं. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि वरून जाणाऱ्याला दिसण्यासारखं काही नव्हतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानंतर मी भेगा सोडून दुसऱ्या कशाचाच अभ्यास केला नाही. गावात म्हणायचे, टेलरचं पोरगं जिद्दीचं निघालं. जिद्द वगैरे काही नव्हती. ते पुढं येईलच.

आपली भेग आपणच बुजवणारं काँक्रीट ही तशी जुनी कल्पना. एका जातीचे जंतू त्यांच्या खाण्यासकट काँक्रीटमध्ये कालवून ठेवायचे. कोरड्यात ते गाढ झोपतात. भेग पडली, पाणी आत आलं, की जागे होतात, शेजारचं खाणं खातात आणि चुनखडी तयार करतात. त्या चुनखडीनं भेग बुजते, पाणी थांबतं, जंतू पुन्हा झोपतात. अडचण एवढीच की खाणं काही वर्षांत संपतं. आम्ही त्यांना जोडीदार दिले : दगडाच्या अंगावर राहणारे, ऊन आणि दव यांवर जगणारे हिरवट सूक्ष्मजीव. ते वर रांधतात आणि आतल्यांना वाढतात. खाणं संपायचा प्रश्नच मिटला. काँक्रीटचा हा दगड खऱ्या अर्थानं जिता झाला. एकदा आम्ही त्याला बोटाएवढं भोक पाडलं, ते त्यानं पाच महिन्यांत बुजवलं, तेव्हा सगळ्या प्रयोगशाळेनं पेढे खाल्ले.

गावाला स्मारक हवं होतंच. दोन वर्षांपूर्वी मी आठ फूट उंच, करडा-हिरवा जिता दगड ट्रकमधून पाठवून दिला. नावं पुण्यातच कॉम्प्युटरवरच्या यंत्रानं कोरून घेतलेली, छापल्यासारखी सुबक. उद्घाटनाला मी गेलो, मांडवाच्या शेवटच्या खांबाजवळ उभा राहिलो आणि चारच्या गाडीनं परत आलो. दगडाला हात लावला नाही.

आबांच्या फोननंतर मी एका नमुन्याच्या लादीवर 'इ' कोरला आणि लादी धुक्याच्या पेटीत ठेवली. त्या पेटीत अकरा दिवसांत एक पावसाळा उरकतो. अकराव्या दिवशी 'इ'च्या जागी एक सपाट, किंचित फिकट डाग होता.

आता सांगायला सोपं आहे. आमच्या दगडाला अक्षर कळत नाही, भेग कळत नाही, काहीच कळत नाही. पाणी जिथं थांबतं ती जखम, एवढीच त्याची अक्कल. पावसाचं पाणी अक्षरांत थांबतं. म्हणून तो इमानेइतबारे आपल्या अंगावरच्या तेवीस जखमा बऱ्या करत होता. सात वर्षांत आम्ही त्या दगडाला तापवलं, गोठवलं, फोडलं, जाळलं. त्याच्यावर एखादं नाव कोरून बघावं असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. भोक बुजलं म्हणून पेढे खाणाऱ्यांत मी सर्वांत पुढं होतो.

आमच्या विभागप्रमुख केळुसकर बाई. कामाला वाघ आणि मनानं मऊ. त्यांनी लादी उलटसुलट करून बघितली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अकरा ठिकाणची स्मारकं आपल्या दगडात व्हायची आहेत, निनाद. करारावर सही झालेली नाही अजून."

"हो."

"मग तू असं कर. कोरायचं छोटं यंत्र घेऊन गावी जा, नावं पुन्हा खोल करून घे. वर वाफ दे. एकशेवीस अंशांची वाफ दिली की दर्शनी बाजूचे दोन बोटं खोलीपर्यंतचे जंतू मरतील. पुढं कोरलेलं कोरल्यासारखं राहील."

"म्हणजे ती बाजू साधी होईल. भेगाळेल कधी ना कधी."

"शंभर वर्षांनी. तेव्हा तक्रार करायला तू नसशील आणि ऐकायला मी नसेन. नव्या दगडांना आपण आधीच वाफ देऊ. कशाला बोभाटा करायचा?"

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा बरं वाटलं. अर्ध्या दिवसाचं काम, आबांची तक्रार मिटेल, आणि आईचं नाव पुन्हा कुणी बघायला नको.

ऑगस्ट संपत आला होता. गौरींच्या आधीचा गुरुवार, म्हणजे आमच्या गावचा तो दिवस, तीन आठवड्यांवर आला होता. एसटी आता विजेवर धावते, पण आमच्या तालुक्याच्या स्टँडवर ती अजूनही पाटीवर लिहिलेला फलाट सोडून भलत्याच फलाटावर लागते. आबा त्या भलत्या फलाटावर बरोबर माझ्यासमोर उभे होते. हातात पांढरी काठी, खांद्याला शिवलेली पिशवी.

"कसं ओळखलंत?"

"चालण्यावरनं. लहानपणापास्नं डावा पाय घासतोस. किती चपला झिजवल्यास." मग त्यांनी माझ्या सामानावर हात फिरवला. "हे लोखंडी काय आणलंयस?"

"दगडाची सर्व्हिसिंग आहे, आबा."

"दगडाला सर्व्हिसिंग," ते म्हणाले, आणि वाटेत दोनदा स्वतःशीच हसले.

घरी त्यांनी मला जेवायला वाढलं. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्या माणसानं केलेल्या भाकऱ्या मी केल्या असत्या त्यापेक्षा गोल होत्या. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, ते मी बोललो नाही. दुपारी ते जरा आडवे झाले आणि मी यंत्रं ढकलगाडीवर घालून नदीकडं निघालो.

दगड करंजाच्या झाडाखाली उभा आहे, जुन्या साकवाच्या तोंडाशी. लांबूनच टिक टिक आवाज येत होता. जवळ गेलो तर दगडाला गुडघे टेकवून एक म्हातारी बसली होती, हातात छोटा हातोडा आणि लोखंडी टाकी. यल्लूबाई धोत्रे. तिला पंचक्रोशी ओळखायची. जात्याला, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण सरकतं, वाटलं जात नाही. मग त्याला टाकीनं बारीक बारीक टोचे मारून पुन्हा खरखरीत करायचा. "टाकी लावायची का, टाकीऽऽ" असं ओरडत ती दारावरून जायची. पुढं घरोघरी मिक्सर आले आणि तो आवाज बंद झाला. तिचा मुलगा मारुती साकवावरच्या त्या तेविसांतला.

"आजी, अहो काय करताय! हात नका लावू त्याला!"

तिनं मान वर केली. "दिसत न्हाई व्हय? टाकी लावतीया."

मी वाकून बघितलं. सगळी नावं फिकट पडली होती. काही नुसत्या रेषा उरल्या होत्या. आईच्या नावातला 'इ' आणि 'दु' तेवढा लागत होता. आणि त्या सगळ्यांत 'मारुती यल्लाप्पा धोत्रे' हे एकच नाव काल कोरल्यासारखं ठसठशीत होतं. यंत्राच्या अक्षरांसारखं सुबक नव्हतं, जरा जाडंभरडं होतं, पण चार हातांवरून वाचता येत होतं.

"हे कधीपासून करताय?"

"मागल्या साली पाऊस सरल्यापास्नं. भरतंय म्हणल्यावर लावाय नगं? पाटा गुळगुळीत झाला की लावतोच की. तुझ्या आईच्या पाट्याला मीच लावायची टाकी. च्या पाजल्याबिगर सोडायची न्हाई ती मला. सोता पायरीवर बसायची माझ्या म्होरं, बोलत."

मी ढकलगाडीच्या कडेवर बसलो. "पण तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? सरपंचांना, आबांना? दगड बिघडलाय म्हणून?"

"बिघडलाय?" तिला खरंच नवल वाटलं. टाकी मांडीवर ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. "आरं, मला वाटलं तुमी मुद्दाम असला दगड धाडला. शिकल्याली माणसं, इचार करूनच धाडला आसंल. ज्याचं त्यानं यावं, घटकाभर बसावं, आपल्या माणसाला टाकी लावावी आन् जावं. मी तर म्हणलं, टेलरचं पोरगं लई शाणं निघालं. आईचा पाटा इसरलं न्हाई."

मी बाकीच्या फिकट नावांकडं बघितलं.

"आणि बाकीचं कुणी आलं नाही, तेव्हा काय वाटलं तुम्हाला?"

"काय वाटायचं," ती नजर दगडाकडं वळवून म्हणाली. "ज्याच्या त्याच्या घरची गोष्ट. आपुन कोण इचारणार?"

मी तिला सगळं सांगितलं. जंतू, चुनखडी, थांबणारं पाणी, आमची चूक. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला चूक नीट समजली, आणि ती चूक आहे हे मात्र अजिबात पटलेलं नाही. मी वाफेच्या यंत्राची नळी जोडायला घेतली. तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

"मला उठवायचं नाहीस व्हय रे?" आबा येऊन दगडाला हात लावून उभे राहिले. त्यांची बोटं आपोआप आईच्या नावावर गेली. "काय करणार आहेस, सांग तरी."

मी सांगितलं. आधी कोरायचं, मग वाफ.

"वाफेनं काय होणार?"

"ह्या बाजूचे जंतू मरतील."

"मरतील? जिता दगड, जिता दगड म्हणून गावाला सांगितलंस, आन् आता मारतोस?"

"आबा, एकदा वाफ दिली की नावं कायमची होतील. पुन्हा कुणाला बघायला नको."

"म्हणजे यायलाही नको," आबा म्हणाले.

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. शिवणकाम करताना बाही कुठवर येते ते सांगावं इतक्या साधेपणानं म्हणाले. पण मी हातातली नळी खाली ठेवली. तेरा वर्षं गिळून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं.

"आबा, त्या दिवशी पेठेतून दोरा आणायला तुम्ही मला सांगितलं होतंत. काजाचा दोरा. मरून रंगाचा. मी म्हणालो मॅच संपली की जातो. दोनच षटकं राहिली होती. आई म्हणाली, बस तू, मी जाते. मी वर बघितलंसुद्धा नाही. मी जायला हवं होतं त्या साकवावर."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"ती माझ्या दुकानावरनंच गेली की. म्हणाली, पोरगं मॅच बघतंय, बघू द्या. परवा होस्टेलला गेला की कोण बसतंय घरात? मला गौरीचं सामान आणायचंच आहे, दोरा मी आणते. हसत हसत गेली बघ." आबांनी काठी दगडाला टेकवून ठेवली आणि चाचपडत माझा खांदा धरला. "तेरा वर्षं वाट बघतोय, तू कधी बोलतोस म्हणून. मी आपणहून विचारलं असतं तर तुला वाटलं असतं दोष देतोय. आन् दोष द्यायचाच तर दोरा मागणारा मीच की. अर्जंट शर्ट होता कुणाचा तरी. कुणाचा ते आता आठवतसुद्धा नाही."

मी रडलो. बत्तीस वर्षांचा, नावामागं डॉक्टर लावणारा माणूस, भर दुपारी बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडलो. जिद्द म्हणत होते ती हीच होती. पाचशे वर्षं टिकणारा दगड मला एवढ्यासाठी हवा होता की आईचं नाव माझ्याशिवाय टिकावं, आणि मला त्याच्यासमोर कधी उभं राहायला लागू नये. आबा पाठीवर हात फिरवत राहिले.

यल्लूबाईनं आम्हाला पुरेसा वेळ दिला. मग म्हणाली, "झालं आसंल तर ती तुझी मशीन तितनं उचल बाबा. माझी पाठ टेकायची जागा हाय ती."

मी यंत्र उचललं.

ग्रामसभेत मी उभा राहून चूक कबूल केली. लोक एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं दगड काढून टाका आणि मोठा पडदा लावा, नावं फिरत राहतील, फोटोसकट. कुणी म्हणालं गावच्या पोरानंच गावाला फसवलं, यावर हशा पिकला आणि त्यात मीही हसलो. वाफेचा पर्यायही मी सांगितला. तो पुष्कळांना पसंत पडला. मग यल्लूबाई उठली आणि तिनं तिचं म्हणणं सांगितलं : वर्षातनं एकदा, त्या गुरुवारी, ज्याचं त्यानं टाकी लावायची.

"आम्ही मुंबईला असतो," एक बाई म्हणाल्या. त्यांचे वडील गेले होते. "दरवर्षी रजा नाही मिळत. एखाद्या वर्षी नाही जमलं तर आमच्या अण्णांचं नाव पुसून जायचं का?"

प्रश्न खरा होता. सगळ्यांनी यल्लूबाईकडं बघितलं.

"न्हाई जमलं तर शेजारणीला सांगायचं," ती म्हणाली. "गौरीचं वाण आपुन एकमेकींच्या घरी पोचवतोच का न्हाई? तसंच."

मतं घेतली. वाफेला अकरा, पडद्याला सात, टाकीला बाकी सगळे.

केळुसकर बाईंना मी फोनवर सांगितलं. "आपली अकराच्या अकरा कामं गेली म्हणून समज," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी नोकरी गेली असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात सातांनी नकार कळवला. उरलेल्या चार गावांनी विचारलं की टाकी शिकवायला त्या आजी येतील का. हे सांगताना बाईंचा आवाज रागावलेला होता, पण फार नाही.

तो गुरुवार उजाडला. लोहारानं तेवीस टाक्या पाजवून दिल्या होत्या. पावसानं उघडीप दिली होती. करंजाखाली सतरंज्या अंथरल्या, चहाचं पातेलं चढलं. पेठेतली माणसंही नवीन पुलावरून आली होती. यल्लूबाई मास्तरणीसारखी सगळ्यांच्या मागून फिरत होती. "तिरपी धर. जोर नगं, सारखं मार. घाई कुणाला हाय? भितीस काय, मोडत न्हाई तो दगड, लई चिवट हाय."

वरच्या ओळींसाठी बाकडी लावली होती. मुंबईच्या बाई रजा काढून आल्या होत्या आणि नखं मोडत अण्णांचं नाव टोचत होत्या. टोचता टोचता लोक बोलत होते. आपल्या माणसाला काय आवडायचं, कोण कसं घोरायचं, कुणी कुणाची उधार सायकल कधी परत केली नाही. दोन वर्षं तो दगड तिथं उभा होता, पण त्याच्यासमोर लोकांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

सगळ्यांत खाली एक ओळ होती : 'एक अनोळखी स्त्री'. जवळजवळ पूर्ण भरून आलेली. तिच्यासमोर कुणी बसलं नव्हतं.

"हिचं कोण?" यल्लूबाईनं विचारलं.

टिक टिक थांबली. लोक एकमेकांकडं बघायला लागले. आबा माझ्याशेजारी बसले होते, आईच्या नावासमोर. ते उठले.

"मी."

"आबा, अहो, आईचं नाव..."

"आईचं तू कर. माझ्या बोटांना ते पाठ आहे."

खिशातून त्यांनी शिवताना बोटात घालायचं पत्र्याचं टोपण काढलं, डाव्या हाताच्या बोटात चढवलं आणि खालच्या ओळीसमोर मांडी घातली. यल्लूबाईनं त्यांचं बोट धरून पहिल्या अक्षरावर टेकवलं. ते चाचपून टोचा मारायचे, पुन्हा चाचपायचे. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "निनाद, ह्याच्या पुढं लिहायला जागा आहे का रे?"

"आहे की. अर्धी ओळ मोकळी आहे. का?"

"तुझ्या आईला ओळखायला मी गेलो होतो ना, तेव्हा ही शेजारीच होती. तिच्या पिशवीत नवा पोळपाट होता. कोरा करकरीत. मला वाटतं, पोळपाट घेऊन निघालेली, एवढं तरी लिहावं. नुसतं अनोळखी म्हणजे फारच परकं वाटतं."

मागं पेठेतले एक वयस्कर कातारी उभे होते, बाजारात पोळपाट-लाटणी विकणारे. ते पुढं आले. "तीन पायांचा हुता का?"

"तीन पायांचाच," आबा म्हणाले.

"माझ्याकडचा त्यो." कातारी तिथंच खाली बसले. "हिरव्या बांगड्यांची बाई. पाच पोळपाट उलटंपालटं करून बघितलं तिनं. लेकीच्या रुखवतात मांडायचाय म्हणाली, जरा डुगडुगला तर व्याही हसत्याल. लई हसरी बाई. गाव काय मी इचारलं न्हाई. ती हितं हाय हे मला ठाऊकच न्हवतं हो. पोलिसांनी नावं इचारली, पोळपाटाचं कुणी इचारलंच न्हाई."

तेरा वर्षांनी त्या बाईला एक लेक मिळाली, आणि खळखळून हसणंही. आबांनी कातारींना आपल्याशेजारी जागा करून दिली, दुसरी टाकी दिली, आणि दोघं मिळून लिहायला लागले : 'लेकीच्या रुखवताला पोळपाट घेऊन निघालेली'. 'लेकीच्या' लिहून होईस्तोवर चहा दोनदा झाला.

"उरलेलं पुढल्या साली," यल्लूबाईनं निकाल दिला. "तवर आनी कुणाला काय आठवलं तर तेबी घालू."

मी आईच्या नावाकडं वळलो. पहिले टोचे उथळ पडले. नंतर सवय झाली. 'इ'ला वेळ लागला, 'दु'ला घाम फुटला. 'मती' जवळजवळ गेलेलंच होतं, ते मी अंदाजानं काढलं. अक्षर टोचताना मला त्या दिवसाची मॅच आठवली नाही. पाटा आठवला, आणि पायरीवर बसून यल्लूबाईशी बोलणारी आई आठवली. लसणीची चटणी वाटून झाली की बोटाला उरलेली चटणी ती माझ्या जिभेवर ठेवायची.

ऊन कलायला लागलं तेव्हा आबा काठी टेकत आले. माझ्या खांद्याला धरून वाकले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांनी सावकाश बोट फिरवलं, गिऱ्हाइकाला कपडा द्यायच्या आधी शिवण तपासायचे तसं.

"'म' वाकडा आलाय रे," ते म्हणाले.

"दिसतंय मला. नीट करू का?"

आबांनी त्या वाकड्या 'म'वरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"असू दे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी येशील तेव्हा नीट कर."